अल्बममधला तो एक वेगळा ट्रॅक: पहिल्यांदा प्रयोग करणाऱ्या बँडसाठी

लालबागच्या चाळीत, आमच्या गिटारिस्टच्या आजोबांच्या खोलीत आम्ही एका दुपारी छोटा ॲम्प लावून बसलो होतो. गिटार ॲम्पच्या फार जवळ गेली, फीडबॅक सुरू झाला, म्हणजे ॲम्पचा आवाज गिटारमध्ये परत शिरून घुमू लागला, आणि खालून वर चढत एका सुरावर येऊन थांबला. आवाज बंद करायला आम्ही धावलो, तेवढ्यात आजोबा आतून बाहेर आले. म्हणाले, "राहू दे रे. भोंगा वाजला."

आजोबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते; मागाला गिरणीत साचा म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांच्या गिरणीचा भोंगा त्यांच्या कानावर पडला नाही. त्यांच्या त्या एका वाक्यातून आमच्या अल्बममधला नववा ट्रॅक निघाला. बाकीच्या आठ गाण्यांना मुखडा आहे, अंतरा आहे, गिटारचा सोलो आहे. नवव्याला यातलं काहीच नाही, तरी तो गाण्यासारखा उभा राहतो. तो उभा करताना जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. तुमच्या बँडला चार-पाच सरळ गाणी नीट वाजवता येत असतील, एक लॅपटॉप, एक फोन आणि बरे हेडफोन असतील, तर सुरुवात करायला तेवढं पुरतं.

१. आधी एक प्रश्न, मग दोन-तीन नियम

नव्या बँडचे प्रयोग बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. सगळ्यांना सगळं घालायचं असतं. उलटा वाजवलेला आवाज, ट्रेनचा आवाज, सतार, कुजबुज, पाच पेडल. तीन मिनिटांत ऐकणारा दमतो, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला कळत नाही. म्हणून वाद्याला हात लावण्याआधी वहीत एक प्रश्न लिहा. आमचा प्रश्न होता: ज्याने भोंगा कधी ऐकलाच नाही, त्याला तो आजोबांच्या कानाने ऐकवता येईल का?

प्रश्न ठरला की नियम सुचतात. आम्ही तीन केले. गिटारवर कॉर्ड वाजवायची नाही, फक्त स्लाइड (तारांवर नळी सरकवत वाजवणं) आणि फीडबॅक. बाहेरचे आवाज गिरणगावातूनच घ्यायचे, लालबागच्या खोलीपासून पायी जाता येईल तिथले. आणि ट्रॅक निम्म्यावर येईपर्यंत एकही शब्द नाही. दुसरा नियम आम्ही एकदा मोडला, तो का ते पुढे येईल. नियम मोडायला हरकत नाही. पण मोडताना चौघांना ते माहीत असावं आणि कारण वहीत लिहिलेलं असावं.

आधी कोणी काय केलंय हेही थोडं ऐका. पॅरिसमध्ये पिएर शेफर या रेडिओवरच्या माणसाने १९४८ साली रेल्वे स्टेशनवर जाऊन इंजिनांचे, डब्यांचे आवाज घेतले आणि केवळ त्यांतून एक रचना केली. टेपवर काम करायची सोय त्याला तेव्हा नव्हती, तो तबकड्यांवर काम करत होता. तबकडीवरची खाच गोल बंद केली की सुई तिथेच फिरत राहते आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. आज आपण ज्याला लूप म्हणतो तो असा हाताने केलेला होता. रोज लोकलने जाणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना शेफरचं हे काम परकं वाटू नये.

२. आवाज गोळा करणं

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या. आम्ही दोन महिने दिले आणि ते कमी पडले.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर व्हॉइस नोटवर अवलंबून राहू नका. त्यात आवाज दाबून लहान केलेला असतो आणि पुढे त्याचा वेग बदलायला गेलात की तो फाटतो. वेव्ह फाइल देणारं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ठेवा, पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद करा. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लेव्हल कमी असली तर नंतर वाढवता येते, पण टोकाला आपटलेला आवाज परत मिळत नाही. छोटा हातातला रेकॉर्डर मिळाला तर उत्तमच. माईकवर फोम किंवा केसाळ टोपी हवीच, कारण मुंबईत समुद्राचा वारा कुठून येईल सांगता येत नाही.

रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी स्वतःच्या आवाजात जागा, तारीख, वेळ बोला. मग तीन मिनिटं हलू नका. आपल्याला वाटतं वीस सेकंद पुरतील, पण लूपला लागणारा नेमका तुकडा बहुधा दुसऱ्या मिनिटानंतर सापडतो. शेवटी अर्धा मिनिट त्या जागेची नुसती शांतताही घ्या. दोन आवाज जोडताना मधली भेग बुजवायला ती लागते.

वेळ पहाटेची. पहिल्या लोकल सुरू होण्याच्या सुमाराला परळच्या पुलाजवळ उभे राहा. दिवसा ज्या आवाजांचा एकच गोळा होतो, ते त्या वेळी सुटे ऐकू येतात. शटर वर जाण्याचा आवाज, दुधाचे क्रेट, झाडू, पाण्याची मोटर. लोकलचा 'खडाक-खडाक' हवा असेल तर सांधा किंवा क्रॉसिंग असलेल्या जागेजवळ थांबा. आता बराचसा रूळ वेल्डिंग करून सलग केलेला असतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यात चाकांचा नुसता घरघराट मिळतो. गाडी सुटतानाचा मोटरचा चढत जाणारा सूर मात्र आवर्जून घ्या, त्यात आयती चाल असते.

फलाटावर मोठा माईक आणि स्टँड घेऊन उभं राहू नका. व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते आणि सामान पाहून कोणीही हटकणारच. गोदी, नौदलाचा परिसर अशा ठिकाणी तर रेकॉर्डर बाहेरच काढू नका. माणसांचं बोलणं घ्यायचं असेल तर आधी विचारा. दादरच्या फूलबाजारात आम्ही विचारलं तेव्हा एका मावशींनी नाही म्हटलं आणि शेजारच्या मावशींनी मुद्दाम मोठ्याने भाव सांगून दाखवला. पहिल्या मावशींचा आवाज आमच्याकडे नाही आणि तसंच असायला हवं. स्टेशनवरच्या घोषणा उचलून वापरू नका, ते दुसऱ्याचं रेकॉर्डिंग आहे. तसं वाक्य हवंच असेल तर बँडमधल्या कोणीतरी बोलावं.

आम्ही नियम मोडला तो इथे. आजोबा सांगत, "भोंग्यापेक्षा साचे जास्त लक्षात आहेत." लालबाग-परळमध्ये आता साचे कुठून ऐकायला मिळणार? म्हणून आम्ही भिवंडीला गेलो. तिथे यंत्रमाग चालतात. एका मालकाने आत उभं राहू दिलं. कानात बोळे घालूनही छातीत ठोके जाणवत होते. तिथून आणलेल्या चार मिनिटांनी सगळ्या ट्रॅकची लय ठरवली.

घरी आल्यावर लगेच दोन प्रती करा, एक लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या डिस्कवर. तिसरी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवा. आमची पहिली डिस्क बंद पडली आणि पहिल्या तीन आठवड्यांचं पहाटेचं काम गेलं. त्यातला एक आवाज, पावसात पत्र्यावर पडणाऱ्या नळाचा, पुन्हा कधीच तसा मिळाला नाही.

३. आवाजातून ठेका

आता गणित, पण ते सोपं आहे. आणलेल्या आवाजात पुनरावृत्ती कुठे आहे ते शोधा आणि तिच्यावर बोटाने टकटक करून लय मोजा. आमचा माग मिनिटाला १६८ ठोके देत होता. त्याच्या निम्मी लय धरली, ८४ बीपीएम. एका मात्रेचा कालावधी काढायचा तर ६०,००० भागिले बीपीएम, उत्तर मिलिसेकंदात. ८४ ला एक मात्रा सुमारे ७१४ मिलिसेकंदांची येते आणि सात मात्रा बरोबर पाच सेकंदांच्या. हे पाहिलं आणि आम्ही रूपक हा सात मात्रांचा ताल धरला.

पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडने १९७३ साली आलेल्या 'मनी' या गाण्यासाठी नाणी, गल्ला, कागद फाटणं अशा आवाजांचे टेपचे तुकडे मोजून जोडले आणि सात मात्रांचा लूप केला. रॉकमध्ये सात मात्रा म्हटलं की लोक त्याचं नाव घेतात. पण आपल्याकडे भावगीत ऐकत वाढलेल्या कुठल्याही कानाला रूपक ओळखीचा आहे: ती ती ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. त्यातली खरी गंमत अशी की रूपकात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'वर (रिकाम्या मात्रेवर) येते. पहिल्या मात्रेवर वजन नसतं. आमचा ड्रमर सवयीने पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारत होता आणि सगळं कवायतीसारखं वाजत होतं. एका तबला शिकणाऱ्या मैत्रिणीने त्याला समेवरची किक काढायला लावली, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर वजन द्यायला लावलं, आणि त्या क्षणी लूप डोलायला लागला. तुमच्या ओळखीत तबला किंवा ढोलकी वाजवणारं कोणी असेल तर त्याला या टप्प्यावर नक्की बोलवा.

मग त्यावर दुसरा थर घातला. मागाचा लूप सात मात्रांत फिरतो, ड्रम आणि बास आठ मात्रांत, केहरव्यासारखे. दोघांची सम दर ५६ मात्रांनी एकत्र येते. ८४ च्या लयीत ५६ मात्रा म्हणजे बरोबर ४० सेकंद. त्यामुळे रचनेचा आराखडा आपोआप मिळाला: ४० सेकंदांची दहा चक्रं, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. प्रत्येक चक्राच्या शेवटी दोन समा भेटतात आणि तिथेच काहीतरी बदलतं, एक आवाज येतो किंवा जातो. ऐकणाऱ्याला हे मोजता येत नाही, पण त्याला ती भेट जाणवते.

सरावाच्या वेळी एकाने सात धरावे, एकाने आठ, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहू नये. पहिले चार-पाच दिवस हे जमत नाही. हाताने टाळी देऊन, वाद्याशिवाय करा. मागाचा मूळ आवाजही अगदी घड्याळासारखा नसतो, तो किंचित हलतो. त्याला संगणकावर ताणून क्लिकवर (संगणकाच्या ठरावीक ठोक्यावर) बसवताना फार घट्ट करू नका, नाहीतर त्यातलं यंत्र मरतं.

४. विजेच्या सुरात वाद्यं लावणं

हे सगळ्यांना लागणार नाही, पण फीडबॅक आणि गुणगुणणारे ॲम्प वापरणार असाल तर करून पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ॲम्पची, ट्रान्सफॉर्मरची, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची जी गुणगुण असते ती ५० किंवा १०० हर्ट्झवर बसते. पियानोवरचा सर्वात जवळचा सूर जी आहे, ९८ हर्ट्झचा, म्हणजे पांढरी पाच. वीज त्यापेक्षा सुमारे ३५ सेंट चढी आहे, अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त. म्हणून वाद्यं नेहमीसारखी लावली की ॲम्पची गुणगुण बेसुरी वाटते आणि आपण ती काढून टाकायच्या मागे लागतो.

ट्यूनर ॲपमध्ये ए हा सूर ४४० ऐवजी ४४९ हर्ट्झवर ठेवा आणि गिटार, बास त्यावर लावा. आता जी बरोबर विजेवर येतो. खोलीतली गुणगुण तुमचा तंबोरा होते. आम्ही हे केलं आणि ट्रॅकची पहिली वीस सेकंदं फक्त ती गुणगुण आहे.

हार्मोनियम अर्थातच असा चढवता येत नाही, त्याचा जी १९६ हर्ट्झवर राहतो आणि गिटारचा २०० वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार कंप येतात, आवाज थरथरतो. आम्ही आधी हार्मोनियम बाद केला होता. मग तो थरथराट भोंग्यासाठी ठेवून घेतला.

५. जॅम रूम आणि रेकॉर्डिंग

जॅम रूम, म्हणजे सरावाची खोली, तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळते, त्यामुळे तिथे जाऊन विचार करत बसू नका. विचार घरी करा. एकदा आत गेलात की दहा मिनिटं न थांबता वाजवा, सगळं रेकॉर्ड करा, बाहेर चहा घेताना ऐका, वहीत वेळ लिहा: '६ मिनिटं १२ सेकंद, बास थांबला तो चांगला.' मग पुन्हा आत. अशा पंधरा-सोळा फेऱ्यांमधून आमच्याकडे वापरण्यासारखे सहा तुकडे आले. गिटार आणि पेडलबोर्ड घेऊन लोकलने जाणार असाल तर सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा. ड्रमचं सामान टॅक्सीनेच न्या.

स्टुडिओचे पैसे फक्त त्या गोष्टींवर खर्च करा ज्या घरी होऊच शकत नाहीत: ड्रम आणि मोठ्या आवाजातला ॲम्प. बाकी सगळं खोलीत होतं. ड्रमला आम्ही चारच माईक लावले, एक किकला, एक स्नेअरला (काडीने वाजवायचा कडकडीत आवाजाचा छोटा ड्रम), दोन वर. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यबिंदूपासून सारख्या अंतरावर ठेवा. दोरीने मोजा, अंदाज करू नका. अंतर वेगळं पडलं तर स्नेअर पोकळ ऐकू येतो आणि तो मिक्समध्ये, म्हणजे पुढे सगळे आवाज एकत्र जुळवताना, दुरुस्त होत नाही. पावसाळ्यात रेकॉर्ड करत असाल तर चामड्याची वाद्यं आदल्या रात्रीपासून कोरड्या खोलीत ठेवा. दमट हवेत ढोलकीची पुडी उतरते आणि दर टेकला (रेकॉर्डिंगच्या दर फेरीला) सूर बदलतो. गिटारच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या असू द्या.

फीडबॅक नशिबावर सोडू नका. ॲम्पपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात उभं राहिलं की कोणता सूर पकडतो हे ठरलेलं असतं. आमच्या गिटारिस्टने अर्धा तास खर्चून तीन जागा शोधल्या आणि जमिनीवर चिकटपट्टीने खुणा केल्या. मग टेकमध्ये तो एका खुणेवरून दुसरीवर चालत गेला आणि सूर त्याच्याबरोबर बदलला. हे करताना कानात प्लग हवेतच. कामाच्या जागच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, पण १०० डेसिबलला ती मर्यादा १५ मिनिटांवर येते. बंद खोलीत ॲम्पसमोर १०० सहज होतात. कान गेले तर पुढचा अल्बम नाही.

आमचा भोंगा तीन थरांचा आहे. पहिला, स्लाइड गिटार: चार सेकंदांत डीपासून जीपर्यंत चढते, दहा सेकंद फीडबॅकवर टिकते, सहा सेकंदांत उतरते. एकूण वीस, म्हणजे रूपकाची चार आवर्तनं. दुसरा, शंख. तो रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने वाजवला, त्यामुळे एक सप्तक खाली गेला आणि दुप्पट लांबला. त्यातला श्वास वाफेसारखा ऐकू येतो. तिसरा, हार्मोनियमचा तो न जुळणारा जी.

मग त्याला जागा द्यायची होती. संगणकातले रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे इफेक्ट) सुंदर असतात, पण ते लालबागचे नसतात. चाळीच्या लाकडी जिन्याखाली आम्ही एक स्पीकर ठेवला, तिसऱ्या मजल्यावर माईक, आणि भोंगा जिन्यातून वर पाठवला. मुंबईच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, त्यामुळे बारा मीटरच्या अंतराला आवाज सुमारे ३४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हाताने अशी वेळ बसवण्यापेक्षा जिन्याने ती बसवून दिली. आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत जाऊन सांगितलं होतं, दुपारी तीन ते साडेतीनची वेळ घेतली होती. मजल्यावरच्या काकूंनी तेवढा वेळ कुकर लावला नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात असं काही करू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ही वेळ घातलेली आहे, आणि रहिवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५ आहे. जवळ रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय असेल तर १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं, तिथे आणखी जपून.

६. माणसाचा आवाज

पाचवं चक्र संपलं की आजोबा बोलतात. गाण्याचे शब्द त्यांना आम्ही लिहून दिले नाहीत. फक्त विचारलं, भोंगा झाल्यावर तुम्ही काय काय करायचात? त्यांनी क्रमाने सांगितलं: उठायचं, नळावर नंबर, चहा, डबा, चपला, जिना, गेट. दोन मिनिटं. हे घरातच घ्या, माणसाच्या नेहमीच्या खुर्चीवर, पंखा बंद करून, माईक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला. स्टुडिओत नेलं की वयस्क माणसं भाषण करायला लागतात.

त्या आवाजाचं काय करायचं यावर आमची दोन आठवडे चर्चा चालली. बीटल्सनी १९६६ मध्ये एका गाण्यात जॉन लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला होता. आम्ही तसा परिणाम टेबलफॅनसमोर बोलून करून पाहिला, लहानपणी सगळे करतात तसा. गिटारिस्टच्या स्वतःच्या ओळींना तो छान बसला. आजोबांच्या आवाजावर मात्र काहीही लावलं की माणूस हरवत होता. शेवटी त्यांचा आवाज कोरडा ठेवला, जराही रिव्हर्ब नाही. सगळा ट्रॅक जिन्यात घुमतो आणि हा एक आवाज तुमच्या शेजारी बसून बोलतो. सहा मिनिटांतला माझ्या मते सर्वात धीट निर्णय हाच, आणि तो काहीही न करण्याचा होता.

गाणाऱ्यांसाठी एक विनंती. मराठी रॉक गाताना ळ आणि ण गिळू नका. 'नळ' चा 'नल' झाला की ओळ परक्या माणसाची वाटते. ळ ला जीभ मागे वळते, त्यासाठी चालीत जागा लागते. चाल बदला, अक्षर नको.

७. मिक्स: काढत जाणं

मिक्सला बसलो तेव्हा आमच्याकडे या एका रचनेसाठी ६४ ट्रॅक, म्हणजे आवाजांचे सुटे थर होते. अंतिम मिक्समध्ये २३ राहिले. पद्धत साधी: एक एक आवाज बंद करून पूर्ण चक्र ऐका. काही हरवल्यासारखं वाटलं नाही तर तो परत सुरू करू नका. ज्याला मिळवायला सर्वात जास्त कष्ट पडले तो आवाज काढणं सर्वात अवघड जातं, आणि वहीतला प्रश्न तेव्हाच कामाला येतो. पहाटेच्या लोकलचा चढता सूर आम्हा सगळ्यांना आवडत होता, पण तो भोंग्याशी भांडत होता. काढला.

बाहेरून आणलेल्या बहुतेक आवाजांतून १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका, नाहीतर रहदारीची घरघर साचत जाते आणि बास बुजतो. मिक्स फोनच्या स्पीकरवरही ऐका. त्यावर ५० हर्ट्झ मुळीच ऐकू येत नाही. आम्ही गुणगुणीवर थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे आवाज किंचित खरखरीत केला, त्यामुळे तिचे वरचे स्वर उमटले आणि छोट्या स्पीकरवरही सूर कळायला लागला. एकदा मोनो (डावा-उजवा आवाज एकत्र) करून पाहा, काही गायब होत असेल तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन आवाजांच्या लहरी एकमेकींना मारताहेत. रात्री उशिरा घेतलेले निर्णय सकाळी पुन्हा तपासा.

आवाज दाबून मोठा करायच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास सगळी गाणी समान करतं, त्यामुळे तुमचा दाबलेला ट्रॅक तिथे खालीच आणला जातो आणि भोंग्याचा चढ मात्र कायमचा सपाट होतो. खरा शिखरबिंदू उणे १ डेसिबलवर ठेवा.

८. कागद

हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग बँड फुटतात. ट्रॅक बाहेर जाण्याआधी कोणाचा किती वाटा हे लिहून चौघांनी सही करा. लूप रचणाऱ्यालाही रचनेत वाटा द्या, सूर लिहिला नाही म्हणून तो वगळू नका. ज्यांचा आवाज वापरला त्यांची लेखी संमती घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक लागतो, तो डिजिटल वितरण करणाऱ्या सेवा देतात. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं.

अभंग घेणाऱ्या बँडनी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण आपल्या कानात बसलेली चाल बऱ्याचदा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते. उदाहरणार्थ, संगीतकार श्रीनिवास खळे २०११ साली गेले आणि आपल्या कायद्यात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे त्यांच्या चाली २०७१ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत. शब्द घ्या, चाल स्वतःची करा.

९. मास्टरला (शेवटच्या प्रतीसाठी) पाठवण्याआधी

बँडच्या बाहेरच्या एका माणसाला ट्रॅक ऐकवा, ज्याला तुमची मेहनत माहीत नाही पण विषय माहीत आहे. हेडफोन लावू नका, त्याच्या खोलीत, त्याच्या नेहमीच्या आवाजात वाजवा. मध्ये काही समजावून सांगू नका. त्याचं लक्ष कुठे उडालं ती वेळ लिहून घ्या.

आम्ही परत लालबागच्या खोलीत गेलो. आजोबा डोळे मिटून सहा मिनिटं चाळीस सेकंद बसले. स्वतःचा आवाज आला तेव्हा थोडे हसले. संपल्यावर म्हणाले, "साचे बरोबर आहेत. भोंगा फार वेळ धरलाय. इतका वेळ नसायचा, लोक गेटात शिरले की उतरायचा." आम्ही लॅपटॉप तिथेच उघडला आणि टिकलेला सूर दहा सेकंदांवरून सातवर आणला. वीस सेकंदांचा हिशेब त्यामुळे बिघडला, भोंगा आता आवर्तन पुरं व्हायच्या आधीच खाली येतो आणि तीन सेकंद मागाचा लूप एकटाच उरतो. अल्बमवर तीच प्रत आहे.